तात्यांच्या शब्दांची फोड

पोपटाचा शब्द सुटला आणि सगुणेचे पाय भर रस्त्यात थांबले. संमेलनाच्या नाटकाची तालीम संपवून ती कोर्टाच्या कोपऱ्यावरून घरी चालली होती. चालली होती कसली, मिरवत चालली होती. पुस्तकं काखेत, वेणी पाठीवर आपटते आहे, आणि समोरून येणाऱ्यानं आपण होऊन वाट द्यावी अशी पावलं. यंदा इंग्रजी सहावीत गेल्यापासून तिची चालच तशी झाली होती. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या पडवीत दयारामनं एक पोपट पाळला होता. एरवी तो कोर्टात आलेल्या पक्षकारांना शिव्या घाले. आज मात्र त्यानं मान तिरकी केली, एका डोळ्यानं सगुणेकडे पाहिलं आणि म्हणाला, "तवा." मग पुन्हा, "तवा, तवा." सगुणेनं काही ठरवलं नव्हतं. डोक्यातलं चाक आपलं आपणच फिरलं. तवा. उलटा वाच. वात. वात म्हणजे दिवा. दिवेलागण झाली, दिवा लावा, असं म्हणतोय हा! आणि काय सांगावं, त्याच घडीला दयाराम कंदील घेऊन बाहेर आला, वाशाच्या आकड्याला तो अडकवला आणि त्यानं वात वर केली.

"सुटलं!" सगुणा टाळी वाजवून म्हणाली.

"काय सुटलं? पोपट?" दयाराम दचकून पिंजऱ्याकडे वळला.

"नाही हो. तो तवा का म्हणतोय ते."

"त्यात काय सुटायचंय? सकाळपासून आचारी तव्याच्या नावानं ओरडत होता. तेच उचललंन मेल्यानं. आता महिनाभर आमचे कान किटणार."

दयाराम आत गेला. सगुणा हसत उभी होती, आणि ते हसू तिच्या ओठांवरच हळूहळू वाळत गेलं. पोपटाला काही सांगायचं नव्हतं. त्याला वात ठाऊक नाही, उलटसुलट ठाऊक नाही, संध्याकाळ झाली की नाही याच्याशी कर्तव्य नाही. पण फोड मात्र चोख झाली होती. कुठे खोट काढायला जागा नव्हती. काल घरी वडिलांच्या, तात्यांच्या शब्दाची तिनं केली होती, अगदी तितकीच चोख. समुद्राकडून गार वारा आला.

काल काय झालं होतं? काल संध्याकाळी सगळे तात्यांच्या खाटेभोवती बसले होते. गणपतीच्या आधी तात्या कोर्टात मेजावर लिहिता लिहिता कलंडले, तेव्हापासून उजवं अंग लुळं आणि बोलणं गेलेलं. गेलेलं म्हणावं तर शब्द येत होते, स्वच्छ, ठणठणीत. पण जो हवा तो येत नसे, भलताच येई. पाणी मागताना 'छत्री' म्हणत. आईला हाक मारताना 'मंगळवार' म्हणत. म्हणून गिरगावातून आवडाआत्या आली होती, तात्यांची थोरली बहीण. मुंबईत एक डॉक्टर अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतो, सहा महिने ठेवून घ्यावं लागतं, मी घेऊन जाते त्याला, असं तिचं म्हणणं. डॉक्टरानं बजावलं होतं, जितका उशीर कराल तितकी जीभ घट्ट होईल. आई म्हणाली, "त्यांनी होकार दिल्याशिवाय मी त्यांना उंबऱ्याबाहेर पाठवायची नाही. शुद्धीवरचा माणूस आहे, गाठोडं नव्हे." मग आत्यानं विचारलं, "विश्वंभर, येतोस ना रे माझ्याबरोबर मुंबईला?" तात्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, ओठ जुळवले, सोडवले, आणि म्हणाले, "नदी."

सगळ्यांच्या माना सगुणेकडे वळल्या. आणि सगुणा उठून उभी राहिली, जशी संमेलनाच्या रंगमंचावर उभी राहते तशी.

"नदी उलटी वाचा," ती म्हणाली. "दीन. तात्या म्हणतात, दीन होऊन मी दुसऱ्याच्या दारात जाणार नाही."

आईनं डोळ्यांना पदर लावला. आत्या म्हणाली, "ताठा बघा मेल्याचा! जीभ गेली पण कोडी नाही गेली. बरं बाबा, राहिलं. परवा सकाळच्या लाँचनं मी आपली एकटी जाते." आणि सगुणेच्या अंगावर काटा आला होता, किती सुंदर फोड, किती तात्यांसारखी! रात्री झोपताना तिनं ती पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिली होती, चॉकलेट तोंडात घोळवावं तशी.

आत्याची ती परवाची लाँच म्हणजे आता उद्याची.

ती चालू लागली, पण चाल गेली होती. घराकडची नेहमीची वाट सोडून तिची पावलं किनाऱ्याकडे वळली. ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत ओली वाळू पसरली होती, आणि त्या वाळूवर पाय पडताच तिला सहा वर्षांपूर्वीची सगुणा भेटली, तात्यांच्या छत्रीचं टोक धरून पळणारी. ओहोटीला किल्ल्याकडे चालत जायचं हा त्या दोघांचा नेम. इकडून निघताना तात्या एक कोडं घालत, आणि किल्ल्याच्या दरवाजाशी पोचेपर्यंत सुटलं नाही तर उत्तर पुढच्या ओहोटीला. मधे विनवण्या नाहीत, रडारड नाही. किती वेळा ती मुद्दाम रेंगाळली असेल, पायात शिंपला रुतला म्हणून खाली बसली असेल, आणि तात्या दूर पुढे जाऊन पाठमोरेच उभे राहत. वळून पाहत नसत पण थांबलेले असत. त्यांच्या धोतराची कड ओली होऊन पायाला चिकटलेली, वाऱ्यानं छत्री उलटी झालेली, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणणं चाललेलं. त्या पाठीचा तिला एवढा राग येई! आणि आता त्याच पाठीसाठी तिनं काय दिलं नसतं.

कोडं घरात आलं होतं ते साहेबाच्या रद्दीतून. तात्या कोर्टात शिरस्तेदार. वरचा साहेब गोरा होता, त्याचं विलायती वर्तमानपत्र वाचून झालं की शिपाई ते तात्यांच्या मेजावर आणून टाकी. त्याच्या शेवटच्या पानावर काळ्यापांढऱ्या घरांची एक चौकट असे. तात्या सांगत, "आधी मला वाटलं, यांच्या देशात फरशीचे नमुनेसुद्धा छापून येतात." मग त्यांनी खालची एक ओळ वाचली, तिचा अर्थ लागेना. दुसरी वाचली, तिचाही लागेना. आणि अर्थ लागत नाही म्हणून माणूस इतका खूश झालेला आईनं जन्मात पाहिला नव्हता. महिना-दोन महिन्यांत तात्यांना त्यातली मेख कळली, आणि वर्षाच्या आत त्यांनी मराठीत आपली स्वतःची कोडी रचायला घेतली. मुंबईचं एक साप्ताहिक ती छापू लागलं. पण छापायच्या आधी प्रत्येक कोड्याची परीक्षा घरच्या ओटीवर होई, रविवारी दुपारी. तात्या खडूनं शेणानं सारवलेल्या जमिनीवर घरं आखत. काळ्या घरांच्या जागी नारळाच्या करवंट्या पालथ्या ठेवत. आणि मागल्या वाडीत रहाट कुरकुरत असे, पाटाला पाणी सुटलेलं असे, सोललेल्या सुपारीचा तो आंबूस ओला वास ओटीपर्यंत येई. आजही कुणी खडू हातात दिला की सगुणेला फळ्याचा नव्हे, त्या सुपारीचा वास येतो.

परीक्षक एकच: नझीरचाचा. त्यांचं बंदरावर दोरखंडांचं आणि कंदिलांचं दुकान. तात्यांचे मराठी शाळेपासूनचे दोस्त. चाचांना कोडं कधीच सुटत नसे. एकही नाही. "पंत, आपला डोका खोबऱ्याचा हाय, आत पानी," असं म्हणून ते आपल्याच कपाळावर टकटक करत. पण त्यांना फोड पटावी लागे. तात्यांचा कायदाच होता तो. नुसतं उत्तर चालायचं नाही. "उत्तर चुकूनही बरोबर येतं," ते म्हणत, "फोड कर. नझीरला पटली तर खरी." आणि चाचा पटवून घेण्यात महाकठीण! मांडी घालून बसत, डोळे मिटत, मान हलवत, "न्हाय. न्हाय पटला. पुन्यांदा सांग." सगुणेला पहिलं कोडं सुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. 'गाव नव्हे म्हणतं, तरी गावच, तीन अक्षरं.' ती ओटीवरून उडी मारून उठली, पायाखाली एक करवंटी चुरडली. "नागाव! नागाव! चाचा, ना म्हणजे नाही. ना-गाव! ते स्वतःच म्हणतंय मी गाव नाही म्हणून!" चाचांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि आत स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "वैनी, ऐकलात काय? तुमचा माहेर गावच न्हाय, असा तुमची पोर बोलते!" आतून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं, सुट्टीत आंबे खायला मग जाऊ नकोस तिथे!"  तात्यांनी नुसता खडू तिच्या हातात दिला. ती घरं तिनं आपल्या हातानं भरायची होती. ना, गा, व. अक्षरं वेडीवाकडी आली आणि घराबाहेर गेली.

तेव्हा तिला फोडीची चटक लागली. उत्तर सुचतं ते आतल्या आत, एकट्यानं. फोड करायला मात्र समोर माणसं लागतात, त्यांचे चेहरे लागतात. आधी कपाळाला आठ्या, मग भुवया वर, मग एकदम उजेड. ते उजेडणं आपण करतो! 'उलटसुलट कसेही बघा, बघायला हेच हवेत.' नयन! आणि बघणाऱ्याचे नयन कसे मोठे होत. शाळेत बाईंनी तिला एकदा वर्गापुढे उभं केलं, मग दोन वर्गांपुढे, मग सगळ्या शाळेपुढे. जी मुलगी प्रार्थनेच्या वेळी ओठ हलवायलाही लाजे, तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जाऊ लागला. तात्या मात्र तिच्या फोडीला कधी वा म्हणत नसत. एकदा किल्ल्याच्या वाटेवर ते म्हणाले होते, "सगुणे, कोडं घालणारा खोटं बोलत नाही. पण सरळही बोलत नाही. वर दिसतं ते धरलंस की फसलीस." पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. ती म्हणाली होती, "मी कध्धी नाही फसणार." 

वाळूत उभ्या सगुणेला आता ते वाक्य ऐकू आलं आणि कान गरम झाले. वर दिसतं ते धरायचं नाही. तिनं धरलंच नव्हतं, एकदाही नाही. तात्या आजारी पडल्यावर पहिल्या पंधरवड्यात डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे राहता? गावाचं नाव सांगा." तात्या म्हणाले, "भुंगा." डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळं आलं. आई मटकन खाली बसली. तेव्हा कोपऱ्यातून सगुणा ओरडली होती, "अलि! अलि म्हणजे भुंगा! अलिबाग म्हणताहेत ते!" डॉक्टर थक्क झाले. "म्हणजे बुद्धी शाबूत आहे," ते म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर आई उठली, जेवली, डोक्याला तेल लावून बसली. सगळ्या अलिबागेत ती गोष्ट झाली. वकीलमंडळी सगुणेला रस्त्यात थांबवून विचारू लागली, "काय, आज काय म्हणाले शिरस्तेदार?" घरात कुणीही काहीही विचारायचं झालं की, "थांबा, सगुणा शाळेतून येऊ दे." पण आज, या क्षणी, तिला त्या खोलीतला आवाज आठवला. खिडकीच्या वरच्या वाशाला एक काळा भुंगा भोक पाडत होता. घूं घूं करत होता. डॉक्टरसुद्धा दोनदा वर बघत होते. त्या खोलीत भुंगा होता, आणि तात्या भुंगा म्हणाले होते.

आणि पाव? देवा, तो पाव! नवरात्रात नझीरचाचा भेटायला आले. खाटेशी बसले, तात्यांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तात्यांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "पाव." केवढ्या आर्जवानं म्हणाले होते! आणि सगुणा, शहाणी सगुणा, लगेच पुढे झाली होती. "पाव म्हणजे चौथा हिस्सा, चाचा. तीन हिस्से आजार गेला, आता पावच उरला, असं म्हणताहेत." चाचांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "माशाल्ला, बेटी! पटला! एकदम पटला!" ते दर्ग्यात साखर वाटायला गेले. खरं तर घरात पावाला बंदी होती. ताडी घालून फुगवतात तो, बाटवणारा जिन्नस, असं आई म्हणे. आणि तात्या वर्षानुवर्षं कोर्टातून येताना चाचांच्या दुकानात, दोरखंडांच्या वेटोळ्यामागे बसून, चहात बुडवून पाव खात. सगुणेला हे ठाऊक होतं. तिनंही खाल्ला होता तिथे, गरम, वरून खरपूस, मध्ये लुसलुशीत, आईला सांगणार नाही अशी देवाची शपथ घेऊन. महिना-दीड महिना पेज खाऊन कंटाळलेल्या माणसानं आपल्या जिवलग मित्राकडे पाव मागितला होता. मित्र रडला, साखर वाटून आला, आणि त्यांना कुणी पाव दिलाच नाही.

म्हणजे सगळंच सरळ होतं? तसंही नाही, 'छत्री' म्हणजे पाणी हे कसं सरळ असेल? काही सरळ, काही वाकडं, काही नुसतंच जिभेवरून घसरलेलं. कुठलं कुठलं हे कळावं कसं? तात्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं असतं. भुंगा म्हणताना, पाव म्हणताना, नदी म्हणताना तात्यांचा चेहरा कसा होता, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. डोळे घट्ट मिटून केला. डॉक्टरांचा चेहरा आठवला, चाचांचा आठवला, आत्याचा आठवला, आईचा तर लख्ख आठवला. तात्यांचा आठवेना. कसा आठवणार? दर वेळी शब्द पडायचा अवकाश, ती तो झेलून लोकांकडे तोंड करून उभी राही. तात्यांकडे तिची पाठ असे.

त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकासारखी काळी आणि निसरडी. ती तिच्याकडे बघायला तयार नव्हती, पण बघावंच लागलं. तात्या मुंबईला गेले आणि बोलायला शिकून आले, धडधडीत, पूर्वीसारखे, तर सगुणेला कोण विचारणार? काल 'नदी' ऐकल्यावर ज्या वेगानं 'दीन' सुचलं, तो वेग कशाचा होता? तिला तात्या बरे व्हायला हवे होते, देवाशप्पथ हवे होते. आणि त्याच वेळी तिला ते घरात, खाटेवर, तिच्या फोडीची वाट बघत हवे होते. दोन्ही एकाच पोटात! पाणी चढू लागलं होतं. सगुणा वळली आणि पुस्तकं छातीशी धरून पळत सुटली, कोर्टाजवळून, खानावळीवरून, अगदी लहान मुलीसारखी.

घरी ओटीवर आत्याची वळकटी बांधून ठेवलेली होती. आत तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. नझीरचाचा लाँच सुटते त्या रेवसच्या धक्क्यापर्यंतच्या मोटारीचं सांगायला आले होते, आई समईत तेल घालत होती.

"आल्या दुभाषीणबाई," आत्या म्हणाली. "बघा तरी, घामाघूम! वाघ मागे लागला होता का गं?"

"आत्या, कालची फोड खोटी."

"कसली फोड?"

"नदीची. दीनबीन काही म्हणाले नाहीत तात्या. मी म्हणाले ते." तिला धाप लागली होती. "ते काय म्हणाले मला ठाऊकच नाही."

आईच्या हातातून तेल समईबाहेर सांडलं. "अगं, काल तर एवढं छातीठोक सांगितलंस! आता काय हे?"

"काल चुकलं," सगुणा म्हणाली. एवढे दोन शब्द बोलायला तिला शाळेच्या रंगमंचावर कधी लागली नव्हती एवढी हिंमत लागली. मग ती खाटेवर, तात्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. बाकीच्यांकडे पाठ. इतक्या जवळून तिनं त्यांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं! दाढीचे खुंट पांढरे झाले होते. उजवा डोळा किंचित खाली ओघळला होता, पण दोन्ही डोळे तिच्यावर खिळलेले होते, जागे, सावध.

"तात्या, उद्या सकाळी आत्या मुंबईला जातेय. तुम्हांला जायचंय तिच्याबरोबर? डॉक्टरांकडे?"

तात्यांचे ओठ जुळले, सुटले. "नदी."

 सगुणेला पाठीवर तीन माणसांची नजर जाणवली, आणि तिच्या डोक्यातलं चाक फिरलं, फिरणारच ते; नदी, पाणी, खाडी, खाडीपलीकडे मुंबई, म्हणजे हो! फोड जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली, आयती, देखणी. तिनं ती गिळली.

"नाही कळलं, तात्या."

तात्यांच्या भुवया वर गेल्या. इतक्या महिन्यांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांना सगळं कळत आलं होतं. "नदी," ते जरा मोठ्यानं म्हणाले.

"नाही कळलं. पुन्हा सांगा."

"कु... कुलूप."

"कुलूप म्हंजे बंद," नझीरचाचा मागून घाईनं म्हणाले, "म्हंजे घर बंद करून—"

"चाचा, तुम्ही गप्प बसा!" सगुणा मागे न वळता ओरडली. "नाही कळलं, तात्या."

"ऐकलंत काय?" चाचा आत्याकडे बघून पुटपुटले. "आता आमची पन परीक्षा बंद."

"कुलूप! मंगळवार!" तात्यांचा चेहरा लाल झाला. गळ्याची शीर टरारली. डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली, एकदा, दोनदा. "नदी! नदी!"

"पुरे गं बाई," आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "घाम फुटलाय त्यांना. का छळतेस?"

"फुटू दे. नाही कळलं, तात्या. कळेपर्यंत सांगा."

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं आता मुस्कटात बसणार. त्यांनी डावा हात पुढे केला, तिचा खांदा घट्ट धरला आणि तिच्यावर सगळा भार टाकून ते उठले. आई धावली; सगुणेनं मोकळ्या हातानं तिला अडवलं. तात्यांनी खांदा सोडला. भिंतीला हात लावत, उजवा पाय फरफटत, ते निघाले. भिंत संपली तिथे दाराची चौकट धरली. चौकटीपलीकडे खुंट्या होत्या. सगळ्यांत वरच्या खुंटीला हात पोचेना. त्यांनी टाच उचलली, डुगडुगले, आत्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं, आणि तात्यांच्या हातात त्यांची काळी टोपी आली. बोडक्यानं उंबरा ओलांडायचा नाही, हे त्या घरातल्या पुरुषाला सांगावं लागत नसे. आजार आल्यापासून ती टोपी कुणी हलवली नव्हती. तात्यांनी ती एका हातानं डोक्यावर घातली. ती एका कानावर कलली. सगुणा सरळ करायला पुढे झाली तर त्यांनी तिचा हात फटकन उडवून लावला आणि स्वतःच दाबून बसवली, तशीच वाकडी.

"अगं बाई," आत्या म्हणाली, आणि तिचा एवढा मोठा आवाज एकदम बारीक झाला. "निघाला की हा."

आईनं समई तशीच सोडून दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही. नझीरचाचा नाक ओढत मोटारीत आणखी एका माणसाची जागा सांगायला म्हणून उठले आणि दुसऱ्याच दारानं बाहेर गेले. तात्या उंबऱ्याशी पोचले होते.

"अरे, उद्या!" आत्या मागे धावली. "विश्वंभर, लाँच उद्या सकाळी आहे! आत्ता कुठे चाललास?"

तात्या थांबले नाहीत. त्यांनी उंबऱ्यावर डावा पाय ठेवला आणि उजवा ओढून घ्यायला लागले.  सहा महिने. ओहोटी येणार, जाणार, ओटी झाडलेली राहणार, आणि शाळेतून आल्यावर कुणी सगुणेची वाट बघणार नाही. तिनं खाटेखाली वाकून तात्यांच्या वहाणा शोधल्या. त्यांच्यावर धूळ बसली होती, एका अंगठ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. ती तिनं परकराच्या घोळानं पुसली, पळत पुढे गेली आणि वहाणा उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडून ठेवल्या.